देशाने कर्ज बुडवलं तर जायचं कुठल्या कोर्टात?

लुसाका_रिटर्न:

२०१९ ते २०२२ मी झांबियात होतो, लुसाकाला. औषधं आयात करणाऱ्या एका मध्यम कंपनीत अकाउंट्स बघायचो. गरीब देशांच्या कर्जमाफीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात, 'बिचारे' नाहीतर 'फुकटे'. जवळून पाहिलेलं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

रोज सकाळी पहिलं काम क्वाचाचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, भाव बघायचं. २०२० च्या सुरुवातीला डॉलरला १४ च्या आसपास, २०२१ च्या मध्यात २२ च्या वर. माल डॉलरमध्ये घ्यायचा, विकायचा क्वाचात, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक सरकारी खातं. बिल लावलं की पोचेचा शिक्का लगेच मिळायचा, पैसे नाही. नव्वद दिवसांची उधारी वर्षावर गेली. तिथला कारकून मोठा सज्जन, बसायला खुर्ची द्यायचा आणि म्हणायचा, 'नेक्स्ट क्वार्टर'. तिसऱ्या नेक्स्ट क्वार्टरनंतर मी त्या बिलांची वेगळी फाइल केली.

१३ नोव्हेंबर २०२० ला झांबियाने युरोबाँडच्या (परदेशी गुंतवणूकदारांना विकलेल्या डॉलरमधल्या कर्जरोख्यांच्या) व्याजाचा ४ कोटी २५ लाख डॉलरचा हप्ता चुकवला. कोविडच्या काळात कर्ज थकवणारा आफ्रिकेतला पहिला देश.

आता गंमत बघा. याच देशाचं कर्ज २००५-०६ मध्ये एकदा माफ झालेलं. तेव्हा ७ अब्ज डॉलरच्या आसपास असलेलं परदेशी कर्ज अर्ध्या अब्जाच्या घरात आलं. एप्रिल २००६ पासून खेड्यातल्या सरकारी दवाखान्यांची फी बंद झाली. आमच्या गोदामातले वयस्कर ड्रायव्हर आजही ते वर्ष सांगतात, आपले लोक ७२ चा दुष्काळ सांगतात तसं, फक्त उलट्या अर्थाने. पाटी कोरी झाली तशी परदेशी गुंतवणूकदारांना झांबिया आवडू लागला. २०१२ मध्ये ७५ कोटी डॉलरचे रोखे साडेपाच टक्क्यांच्या आसपास विकले गेले. २०१४ मध्ये आणखी १ अब्ज, साडेआठने. २०१५ मध्ये सव्वा अब्ज, जवळजवळ नऊ टक्क्यांनी. शेजारी चिनी कर्जातून रस्ते, विमानतळ, धरणं. देशाची मुख्य निर्यात तांब्याची; त्याचा भाव पडला आणि सगळं गणित कोसळलं.

चूक सरकारची होतीच, त्यावर मी वाद घालणार नाही. मला पुढचं खटकतं. आपल्याकडे कंपनी बुडाली तर दिवाळखोरी कायदा आहे, धनकोंची समिती बसते, ६६ टक्के मतांनी ठराव झाला की उरलेल्यांना तो मान्य करावा लागतो. कागदावर का होईना, ३३० दिवसांची मुदत आहे. देशाला यातलं काहीच नाही. झांबियाने २०२१ च्या सुरुवातीला जी-२० च्या 'कॉमन फ्रेमवर्क'खाली (गरीब देशांच्या कर्जाची फेरमांडणी करायची व्यवस्था) अर्ज केला. सरकारी धनकोंशी, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांशी, समझोता जून २०२३ ला, रोखेधारकांशी जून २०२४ ला. साडेतीन वर्षं! तेवढ्यात अख्खं सरकार बदललं.

माफी द्यावी की नको हा प्रश्न नंतरचा. ते ठरवणार कोण आणि किती दिवसांत, हे आधी सांगा.

तिरकस_वाकडे:

वाचलं. पण काका, दोनदा माफी? आमच्या गावात २००८ झालं, २०१७ झालं, २०१९ झालं. दर वेळी हप्ते भरणारा येडा ठरतो आणि थकवणारा पारावर बसून पुढच्या निवडणुकीची वाट बघतो. झांबियाचंही तेच. कर्ज काढताना बँडबाजा, फेडताना सुतक.

माणदेशी_मोटार:

वाकडेराव, २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं. आमच्या वडिलांना मिळालं, उशिरा मिळालं पण मिळालं. तेवढं जमेला धरा.

थकबाकीदार_नव्हे_वसुलीवाला:

३१ वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली निम्मी वसुलीत. लुसाकावाल्यांचा आकडा वाचून मला आमचा मार्च आठवला. मार्चअखेर काय करायचो? नवं-जुनं. जुनं कर्ज भरून घेतलं असं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं वाटायचं. पैसा जागचा हलत नाही, खातं मात्र कागदावर धुतल्या तांदळासारखं. दर वर्षी व्याज मुद्दलात जातं आणि बोजा फुगतो. देशांचे रोखे मुदत संपताना नव्या रोख्यांनी फेडतात ते हेच, फक्त टाय लावून केलेलं.

आणि वाकडे, एक गोष्ट वसुलीवाल्याच्या तोंडून ऐका. कर्ज बुडतं तेव्हा देणाऱ्याचीही चूक असते. ज्याची परतफेडीची ऐपत नाही त्याला दिलं कुणी? जिथे बिनधोक पैसा लावला तर दोन-अडीच टक्के मिळत होते तिथे झांबियाकडून नऊ घेतले. वरचे साडेसहा कशाचे होते? बुडण्याच्या भीतीचे. भीतीचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि भीती खरी झाली की पूर्ण मुद्दल मागायचं, हा धंदा आमच्या भागातला सावकारही करत नव्हता. तो निदान तारण तरी बघायचा.

लुसाका_रिटर्न:

साहेब, नवं-जुनं! हा शब्द मला तीन वर्षं सापडत नव्हता.

धंद्याचं निघालंच आहे तर डोनेगलची गोष्ट सांगतो, तिकडे रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. १९७९ मध्ये रुमानियाने झांबियाला ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं उधारीवर दिली, सुमारे दीड कोटी डॉलरची. ते कर्ज थकलं. १९९९ मध्ये डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने ते रुमानियाकडून ३३ लाख डॉलरच्या आसपास विकत घेतलं, आणि नंतर लंडनच्या कोर्टात साडेपाच कोटींचा दावा ठोकला. एप्रिल २००७ मध्ये कोर्टाने दीड कोटींच्या वर रक्कम मंजूर केली. बाकीचे देश माफी देत होते त्याच सुमारास हे. म्हणजे सगळ्यांनी सोडलेल्या पैशातून एकाने आपली झोळी भरून घेतली. यांना गिधाड फंड म्हणतात.

यातून एक चांगलं झालं. २०१० मध्ये ब्रिटनने कायदा केला की झांबियाला २००५-०६ ला मिळाली त्या माफी योजनेत बसलेल्या देशांच्या जुन्या कर्जावर इंग्लंडच्या कोर्टात इतरांनी मान्य केलेल्या प्रमाणापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. पण तो जुन्या कर्जांपुरता. २०१२ नंतरच्या रोख्यांना लागू नाही.

सुपे_परगणा:

माझं गाव सुप्याजवळ, म्हणून गप्प बसवत नाही. १२ मे १८७५, सुप्याचा बाजारचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. बहुतेक ठिकाणी लोकांनी काय मागितलं? कर्जरोखे आणि चोपड्या. ते जाळले की बरेचदा सावकाराच्या अंगाला हात न लावता निघून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यातलं कलम मला फार आवडतं. कोर्टाने रोख्यावरचा आकडा डोळे झाकून धरायचा नाही, व्यवहाराच्या मुळाशी जायचं. मूळ किती दिलं, किती वेळा नवं-जुनं झालं, व्याजावर व्याज किती चढलं, हे मागे जाऊन तपासायचं. सावकाराला उत्तर द्यावं लागायचं.

त्याहून जुनी गोष्ट दामदुपटीची. हिंदू कायद्यात एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नाही. मुंबई हायकोर्टाने इंग्रजी अमलातही हा नियम मानला. डोनेगलचा साडेपाच कोटींचा दावा दीड कोटीच्या कर्जावर होता. दामदुपटीने धरलं तरी तीन कोटींच्या वर जाता आलं नसतं. आपल्या आजोबा-पणजोबांना कोर्टात जे संरक्षण होतं ते आज एका सार्वभौम देशाला लंडन-न्यूयॉर्कमध्ये नाही. मला तरी हसू येतं याचं.

पक्या_डोंबिवली:

मुद्द्याचं बोला की. चीनने सगळ्यांना सापळ्यात अडकवलंय. श्रीलंकेचं बंदर घेतलंच ना गिळून?

गॉल_रोडवरची_मावशी:

पक्या, मी कोलंबोत नऊ वर्षं आहे, मिस्टर कपड्यांच्या कारखान्यात. हंबनटोटाचं जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते अर्धवट आहे. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीला दिलं, १ अब्ज १२ कोटी डॉलर मिळाले. पण त्या पैशांनी चिनी कर्ज फिटलं नाही. ते परकी चलनाच्या गंगाजळीत गेले आणि बंदराचं कर्ज जागच्या जागी राहिलं. २०२२ ला आम्ही बुडालो तेव्हा सगळ्यात मोठा ढीग न्यूयॉर्क-लंडनच्या रोखेधारकांचा होता, चीन त्याच्या मागे. चीन साधा आहे असं म्हणत नाही हं मी. त्यांचे करार गुप्त असतात आणि तोच मोठा घोळ आहे. दुसऱ्या धनकोला कळतच नाही की याला किती, कुठल्या अटीवर मिळणार.

१२ एप्रिल २०२२ ला सरकारने जाहीर केलं की परदेशी कर्ज फेडता येत नाही. त्याआधी मार्चमध्ये कागद नाही म्हणून आमच्या इथल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकललेल्या. कागद! गॅस सिलिंडर साखळीने एकमेकांना बांधून लोक रांगेत ठेवायचे आणि घरी जाऊन झोपायचे. मग पेट्रोलला क्यूआर कोड आला, गाडीला आठवड्याला २० लिटर, रिक्षाला ५. माझ्याकडे तो कोड अजून मोबाईलमध्ये आहे, डिलीट करवत नाही.

भारताचंही सांगते, कारण इथे कुणी लिहिलं नाही. त्या वर्षी भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली, इंधन, औषधं, अन्न उधारीवर. आणि जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला (आयएमएफ) 'आम्ही आमचं कर्ज सवलतीत बसवून देऊ' अशी लेखी हमी देणारा पहिला देश भारत. जपान आणि फ्रान्सबरोबर धनकोंच्या समितीचं अध्यक्षपदही भारताकडे होतं. चीन त्या समितीत बसलाच नाही, वेगळा बोलला. म्हणजे मंडळी, या धाग्यात आपण ऋणकोच्या बाजूने कळवळून लिहितोय, पण श्रीलंकेच्या टेबलावर आपण धनकोच्या खुर्चीत होतो.

रोखेबाजार_रोजंदारी:

मी याच धंद्यात आहे, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

गिधाड फंड वाईट, मान्य. पण ते अपवाद आहेत. झांबियाचे रोखे ज्यांच्याकडे होते त्यांत निवृत्तिवेतन फंडही होते, म्हणजे कुठल्यातरी शिक्षकाची, नर्सची पुंजी. शिवाय नव्या रोख्यांत सामूहिक कलम असतं, ठरावीक बहुमताने समझोता मान्य केला की एकट्यादुकट्याला कोर्टात जाऊन अडवता येत नाही. अर्जेंटिनाच्या जुन्या रोख्यांत ते नव्हतं, म्हणून एका फंडाने २०१२ मध्ये घानाच्या बंदरात त्यांच्या नौदलाचं शिडाचं जहाज अडकवून ठेवलं होतं.

आता उशिराबद्दल. लुसाकावाले, साडेतीन वर्षांचं खापर रोखेधारकांवर फोडू नका. पहिली दोन वर्षं सरकारी धनकोंतच गेली. पॅरिस क्लब या धनको देशांच्या गटातले जुने देश आणि चीन, दोघांची पद्धत वेगळी. सरकारी धनकोंच्या ६.३ अब्ज डॉलरपैकी ४ अब्जांहून जास्त एकट्या चीनचे. त्यांच्या कुठल्या बँकेचं कर्ज 'सरकारी' धरायचं आणि कुठलं 'व्यापारी', यावरच घोळ. रोखेधारकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये झांबियाशी समझोता केला होता, तो सरकारी समितीने फेटाळला, का तर तुम्ही कमी सोडताय. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण तो उशीर आमच्यामुळे नव्हता.

आणि सारखी माफी दिली तर पुढच्या वेळी या देशांना नऊ टक्क्यांनीही कुणी देणार नाही.

थकबाकीदार_नव्हे_वसुलीवाला:

शेवटचं वाक्य आमच्या बँकेचे चेअरमन दर सभेत बोलायचे. माफी झाली की पुढच्या हंगामाला सगळ्यांत आधी ठराव करून कर्जवाटप सुरू व्हायचं. पैसा पडून राहिला की बँकेला झोप लागत नाही. झांबियालाच बघा, २००५ ला माफी, २०१२ ला तुमचीच मंडळी दारात. सात वर्षांत विसरलात की.

रोखेबाजार_रोजंदारी:

हा हा. घेतलं पदरात.

लुसाका_रिटर्न:

रोजंदारी, उशिराबद्दलचं तुमचं बरोबर आहे, मी वरच्या पोस्टमध्ये सरसकट लिहिलं. पण शेवटी जो समझोता झाला तो एकदा बारकाईने बघा. सरकारी धनकोंनी मुदत २०४३ पर्यंत नेली, २०३७ पर्यंत व्याज १ टक्का. रोखेधारकांनी ८४ कोटी डॉलरच्या आसपास सोडले आणि दोन नवे रोखे घेतले. त्यातला दुसरा मोठा मजेदार आहे. नेहमीच्या परिस्थितीत व्याज अर्धा टक्का, मुदत २०५३. पण झांबियाची तब्येत सुधारली तर व्याज साडेसात आणि मुदत थेट २०३५.

म्हणजे पीक चांगलं आलं तर सावकाराचा वाटा वाढणार. ठीक आहे, समजू शकतो. पण पीक बुडालं तर? फेब्रुवारी २०२४ मध्येच झांबियाने दुष्काळाची राष्ट्रीय आपत्ती जाहीर केलेली. करीबा धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, मका करपलेला, आणि त्याच महिन्यांत हा करार लिहिला जात होता. वाढीची अट त्यात बसली. ज्या दुष्काळाच्या छायेत सह्या झाल्या त्याच्यासाठी हप्ता आपोआप पुढे ढकलायची अट मात्र नाही. आमच्याकडे पीक कर्जाला पैसेवारी पन्नासच्या खाली आली की निदान पुनर्गठन तरी होतं.

माणदेशी_मोटार:

पैसेवारी लावणारा तलाठी पाठवा लुसाकाला 😀

पक्या_डोंबिवली:

भारताने ९१ ला नाणेनिधीकडे सोनं गहाण टाकून दिवस काढले, कुणाकडे माफी मागितली नाही. हे का लिहीत नाही कुणी?

सुपे_परगणा:

सोनं नाणेनिधीकडे नव्हतं गेलं. जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवलं, त्याआधी मे महिन्यात २० टन स्विस बँकेला विकलं होतं. नाणेनिधीचं कर्ज वेगळं. आपण हप्ता चुकवला नाही हे खरं आणि अभिमानाचं. पण आपल्याकडे गहाण टाकायला सोनं होतं, पक्या. ज्याच्या घरात डोरलंही उरलं नाही त्याने काय न्यायचं पेढीवर?

आणि माफी मागणं कमीपणाचं असेल तर जर्मनीला विचारा. १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचं परदेशी कर्ज जवळपास निम्मं कापलं गेलं, आणि हप्त्यांची सांगड त्यांच्या निर्यातीतून उरणाऱ्या पैशाशी घातली. माल विकला गेला तर हप्ता. माफ करणाऱ्या देशांत ग्रीसही होता. पुढे ग्रीसची पाळी आली तेव्हा जर्मनीची भाषा काय होती ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय.

गॉल_रोडवरची_मावशी:

खुर्च्यांचा विषय निघालाच आहे तर नाणेनिधीतल्या खुर्च्या बघा. मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साडेसोळाच्या आसपास. म्हणजे तिने मान हलवली नाही तर विषय संपला. भारताकडे अडीचहून थोडी जास्त. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाणेनिधीने ६५० अब्ज डॉलरचं विशेष चलन वाटलं, कोविडसाठी. वाटलं कसं? ज्याचा हिस्सा मोठा त्याला जास्त. अख्ख्या आफ्रिकेला ३३ अब्ज. लग्नात जेवून उठलेल्यांना पुन्हा वाढायचं आणि दाराशी उभ्या असलेल्याला पान-सुपारी.

तिरकस_वाकडे:

ठीक, मी थोडा मवाळ झालो म्हणा. पण उपाय काय? कोर्ट काढायचं कुठे?

रोखेबाजार_रोजंदारी:

कल्पना जुनी आहे. २००१ मध्ये नाणेनिधीच्याच अॅन क्रुगर यांनी देशांसाठी दिवाळखोरीची व्यवस्था मांडली होती. बहुमताने ठराव, तोवर दाव्यांना स्थगिती, वाद सोडवायला वेगळं पीठ. २००३ मध्ये अमेरिकेने नकार दिला आणि फाइल बंद झाली. आमच्या धंद्यातल्यांनीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. काही मोठे कर्जदार देशही घाबरले होते, असं कोर्ट आलं तर व्याज वाढेल म्हणून. २०२५ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलला संयुक्त राष्ट्रसंघाची वित्त परिषद झाली, तिच्यातून अमेरिका आधीच बाहेर पडली. तिथे कर्जदार देशांचं एकत्र व्यासपीठ तयार करायचं ठरलं. धनकोंचा क्लब १९५६ पासून आहे, ऋणकोंचा आत्ता कुठे.

मला वैचारिक चर्चेपेक्षा एक बारीक दुरुस्ती जास्त कामाची वाटते. बोलणी चालू असेपर्यंत हप्ते आणि दावे दोन्ही थांबवायचे, आपोआप. मग उशिराचा त्रास आम्हालाही होईल आणि आम्हीही घाई करू.

थकबाकीदार_नव्हे_वसुलीवाला:

हे मात्र पटलं. ज्याला उशिराची झळ नाही तो कधीच तडजोडीला येत नाही, तीस वर्षांत एकही बघितला नाही.

लुसाकावाले, एक राहिलंच. तुमच्या त्या फाइलचं काय झालं? बिलं निघाली का?

लुसाका_रिटर्न:

मी सोडून आलो तेव्हा निघाली नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सहकाऱ्याचा मेसेज आला, काही बिलं सुटली. सगळ्यात जुनं जानेवारी २०२० चं होतं, १४ लाख क्वाचांचं. तेव्हाचे जवळजवळ १ लाख डॉलर. व्याज नाही, आकडा तोच, एक क्वाचाही कमी नाही. फक्त ज्या दिवशी जमा झाले त्या दिवसाच्या भावाने ते ६५ हजार डॉलर होते. आम्ही पुरवठादाराला डॉलर २०२० मध्येच देऊन बसलो होतो. बाकीच्या बिलांसाठी तो सहकारी त्याच कारकुनाकडे जातो. खुर्ची अजून मिळते म्हणाला.